शीलाचे शिक्षण : राहुलाच्या आरशापासून सोपाऱ्याच्या शिलालेखापर्यंत

माणसाला चांगले वागावयास कसे शिकवावे, हा प्रश्न सर्वच समाजांपुढे असतो. परंतु भारतीय समाजात या प्रश्नाला एक वेगळी धार आहे. 'सदाचार' हा शब्द आपल्याकडे दीर्घकाळ दोन परस्परविरोधी अर्थांनी वावरत आला आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्रह्मावर्त देशातील वर्णांचा व संकरजातींचा परंपरेने चालत आलेला आचार तोच सदाचार, अशी व्याख्या केलेली आढळते. या व्याख्येनुसार चांगले वागणे म्हणजे आपल्या जन्मजात पायरीला शोभेल असे वागणे होय. आणि असे वागणे शिकविण्याचे साधन म्हणजे दंड होय. दुसरा अर्थ श्रमण परंपरेने घडविला. आपल्या कृतीचा स्वतःवर आणि दुसऱ्यावर काय परिणाम होतो हे पाहून जो वागतो, तो शीलवान, असा हा दुसरा अर्थ आहे. येथे जन्माला स्थान नाही आणि दंडालाही फारसे नाही.

ज्या समाजाला पिढ्यान् पिढ्या 'नीट वाग' याचा अर्थ 'वाकून वाग' असाच शिकविला गेला, त्या समाजाने १९५६ साली पंचशीलाचा स्वीकार केला. त्यामुळे शीलाचे शिक्षण हे पुन्हा आज्ञापालनाचे शिक्षण होऊन बसू नये, याविषयी आपण सर्वांनी जागरूक असणे अगत्याचे आहे. या दृष्टीने मुलांना व प्रौढांना सद्वर्तन शिकविण्याची प्राचीन बौद्ध पद्धती कोणती होती, तिच्यात काय टिकाऊ होते आणि ती कोठे अपुरी पडली, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत.

साधनांविषयी एक गोष्ट प्रारंभीच नमूद केली पाहिजे. पालि तिपिटक हे कित्येक पिढ्या मुखपरंपरेने जतन झाले आणि श्रीलंकेत इ. स. पूर्व पहिल्या शतकात ते लिपिबद्ध झाले, असे परंपरा सांगते. त्यातील प्रत्येक कथा घडली तशीच नोंदविली गेली आहे, असे मानण्याचे कारण नाही. परंतु त्या कथांतून संघाने कोणती शिक्षणपद्धती योग्य मानली, हे निश्चितपणे कळते. शिवाय या परंपरेला इ. स. पूर्व तिसऱ्या शतकातील अशोकाच्या शिलालेखांचा आधार आहे. हे लेख दगडात कोरलेले असल्याने त्यांत मागाहून भर पडण्याचा संभव नाही.

राहुलाचा पहिला धडा

मज्झिमनिकायातील एकसष्टावे सुत्त 'अम्बलट्ठिक राहुलोवाद' या नावाने ओळखले जाते. अट्ठकथेच्या परंपरेनुसार त्या वेळी राहुल सात वर्षांचा होता. भगवान बुद्ध राजगृहाच्या वेळुवनात राहत होते आणि राहुल अम्बलट्ठिका येथे होता. सायंकाळी भगवान तेथे गेले. राहुलाने आसन मांडले आणि पाय धुण्यास पाणी ठेवले. पाय धुतल्यावर भगवंतांनी भांड्यात थोडे पाणी शिल्लक ठेवले आणि ते राहुलाला दाखविले. जाणूनबुजून खोटे बोलताना ज्याला लाज वाटत नाही, त्याचे श्रामण्य या उरलेल्या पाण्याइतकेच अल्प आहे, असे त्यांनी सांगितले. मग ते पाणी त्यांनी टाकून दिले, नंतर भांडे पालथे केले, पुन्हा ते सरळ करून रिकामे दाखविले. आणि प्रत्येक वेळी तीच गोष्ट निराळ्या दृष्टांताने मुलाच्या मनावर ठसविली. त्यानंतर राजाच्या हत्तीचा दृष्टांत येतो. युद्धात हत्ती सर्व अवयवांचा उपयोग करील, पण सोंड मात्र जपून ठेवील. ज्या दिवशी तो सोंडही वापरू लागेल, त्या दिवशी त्याने जिवाची पर्वा सोडली असे माहूत समजतो. खोटे बोलण्याची लाज गेली की माणसाचेही तसेच होते. मग त्याला अकरणीय असे काही उरत नाही. म्हणून थट्टेतही खोटे न बोलण्याचा अभ्यास करावा, असा तो उपदेश आहे.

येथपर्यंत हा धडा चांगल्या शिक्षकाने दिलेल्या कोणत्याही धड्यासारखा आहे. नित्याच्या वापरातील एक भांडे, एक जनावर आणि एकच मुद्दा. मुलांना शिकविण्याची हीच रीत होय. परंतु या सुत्ताचे खरे महत्त्व पुढच्या भागात आहे. आरसा कशासाठी असतो, असा प्रश्न भगवंतांनी राहुलाला विचारला. पाहण्यासाठी, असे उत्तर आले. त्याचप्रमाणे काया, वाचा आणि मन यांनी करावयाचे प्रत्येक कर्म पुन्हा पुन्हा पाहून करावे, असे त्यांनी सांगितले. हे पाहणे तीन वेळा करावयाचे आहे : कर्म करण्यापूर्वी, करीत असताना आणि केल्यानंतर. पाहण्याची कसोटीही सांगितली आहे : या कर्माने मला पीडा होईल काय, दुसऱ्याला होईल काय, की दोघांनाही होईल? पीडा होणार असेल तर ते करू नये. करीत असताना ध्यानात आले तर तेथेच थांबावे. कायेने वा वाचेने करून झाल्यावर ध्यानात आले तर ते शास्त्याजवळ अथवा जाणत्या सहकाऱ्याजवळ उघड करावे आणि पुढे संयम पाळावा. मनात अकुशल विचार येऊन गेला असेल तर त्याची लाज धरावी. कर्म चांगले झाले असेल तर आनंदाने अभ्यास चालू ठेवावा.

या क्रमात नरकाची भीती नाही, छडी नाही, आणि बाप सांगतो म्हणून कर, असेही नाही. वास्तविक उपदेश करणारा पिता होता आणि शास्ताही होता. त्याला आज्ञा करणे सहज शक्य होते. तरीही त्याने मुलाच्या हाती आज्ञेऐवजी आरसा दिला. सात वर्षांचे मूल आपल्या कर्माचे परीक्षण करू शकते, हा यामागील विश्वास आहे. शिक्षणाच्या इतिहासात ही गोष्ट लहान नव्हे.

संघाच्या छायेतील मुले

मुलांना वळण लावताना कठोरपणा कोठपर्यंत असावा, याची चर्चा विनयपिटकाच्या महावग्गात कथांच्या रूपाने येते. राहुलाच्या प्रव्रज्येनंतर शुद्धोदनाने आपले दुःख भगवंतांना सांगितले, आणि मातापित्यांच्या अनुमतीवाचून मुलाला प्रव्रज्या देऊ नये, असा नियम झाला. राजगृहातील उपालि नावाच्या एका मुलाची कथा तर अगदी घरगुती आहे. आपल्यामागे मुलाने सुखात राहावे, अशी त्याच्या आईवडिलांची चिंता होती. लेखन शिकला तर बोटे दुखतील, गणित शिकला तर छाती दुखेल, नाणेपारख शिकला तर डोळे दुखतील. तेव्हा भिक्षूंमध्येच त्याने जावे, असा त्यांनी विचार केला. उपालि आणि त्याचे मित्र मिळून सतरा मुले उपसंपदा घेऊन भिक्षू झाली. पहाटे उठून ती मुले खाऊ मागत रडू लागली. उजाडेपर्यंत थांबा, असे सांगूनही त्यांचे रडणे थांबेना. हे कळल्यावर वीस वर्षांच्या आतील व्यक्तीला उपसंपदा देऊ नये, असा नियम करण्यात आला. थंडी, ऊन, भूक, तहान आणि लोकांचे कठोर शब्द सोसण्याची शक्ती त्या वयात नसते, असे त्याचे कारण दिले आहे. दोष मुलांच्या रडण्याचा मानला नाही. न पेलणारे ओझे त्यांच्यावर घालणाऱ्या प्रौढांचा दोष मानला, ही गोष्ट लक्षणीय आहे.

श्रामणेर होण्यासाठी पंधरा वर्षांची मर्यादा प्रथम घातली गेली. पुढे साथीच्या रोगात एक श्रद्धावान कुटुंब नष्ट झाले आणि दोन लहान मुले तेवढी मागे राहिली. आनंदाने त्यांच्याविषयी विचारणा केली. ती मुले कावळे हाकलू शकतात काय, असा प्रश्न भगवंतांनी केला. आणि तेवढे सामर्थ्य असल्यास पंधरा वर्षांच्या आतही प्रव्रज्या देता येईल, अशी मुभा मिळाली. अनाथ मुलांपुढे नियम ताठ राहिला नाही.

शिक्षेसंबंधीचा भाग याहूनही मोलाचा आहे. काही श्रामणेर भिक्षूंशी उद्धटपणे वागू लागले. तेव्हा पाच प्रसंगी त्यांना दंडकर्म करण्याची अनुज्ञा मिळाली : भिक्षूंच्या लाभाची हानी करणे, त्यांचे अहित करणे, त्यांना निवासापासून हुसकावण्याची खटपट करणे, त्यांना शिवीगाळ करणे आणि त्यांच्यात फूट पाडणे. दंडकर्म म्हणजे काही ठिकाणी प्रवेशबंदी. भिक्षूंनी त्यांना संपूर्ण विहाराचीच बंदी केली. परिणामी मुले निघून गेली, काहींनी संघ सोडला, काही इतर पंथांत मिसळली. तेव्हा संपूर्ण विहार बंद करू नये, जेथे तो राहतो वा जेथे त्याचे जाणेयेणे असते तेवढ्याच जागेची बंदी करावी, असे ठरले. पुढे भिक्षूंनी त्यांच्या मुखात जाणारे अन्न बंद केले. तेही निषिद्ध ठरले. मुलाच्या उपाध्यायाला विचारल्यावाचून बंदी करू नये, असाही दंडक झाला. यातून तीन तत्त्वे निघतात. मुलाला समूहाबाहेर फेकू नये. उपाशी ठेवू नये. आणि ज्याच्यावर त्याची जबाबदारी आहे त्याला वगळून शिक्षा करू नये. आजच्या शाळांनी आणि घरांनीही ही तत्त्वे भिंतीवर लावावीत, इतकी ती ताजी आहेत.

उपाध्याय आणि शिष्य यांनी परस्परांशी पितापुत्राप्रमाणे वागावे, असे महावग्ग सांगतो. शिष्याने करावयाच्या सेवेची यादी लांबलचक आहे. पण शिष्य आजारी पडला तर दातवण देण्यापासून आसन मांडण्यापर्यंत तीच सेवा उपाध्यायाने शिष्याची करावयाची आहे. वळण लावणाऱ्याचे हात स्वतः सेवेला लागलेले शिष्याने पाहिले, म्हणजे उपदेशाची अर्धी गरज संपते.

प्रौढांचे शिक्षण

मुलांना शिकविणे त्या मानाने सोपे. प्रौढांना शिकविणे अवघड. कुळाचा, विद्येचा, वयाचा अभिमान त्यांच्या आड येतो. पालि विनयात भिक्षूंसाठी २२७ आणि भिक्षुणींसाठी ३११ नियम आहेत. त्यांपैकी ७५ सेखिय नियम शिष्टाचाराचे असून त्यांतील ३० केवळ भोजनासंबंधीचे आहेत. तोंडात घास असताना बोलू नये, मचमच आवाज करीत खाऊ नये, अशा गोष्टी प्रौढ माणसांना सांगाव्या लागल्या, यात हसण्यासारखे काही नाही. निरनिराळ्या प्रदेशांतून, निरनिराळ्या थरांतून आलेली माणसे एका पंगतीला बसविणारी ती संस्था होती. पंगत एक झाली की रीतही एक लागते. आणि ती रीत कोणा एका उच्च कुळाची नव्हे, तर सर्वांनी मिळून स्वीकारलेली लागते.

येथे नियमांच्या रचनेकडे लक्ष वेधावेसे वाटते. नियमाआधी त्याचा प्रसंग सांगितला जातो. कोणी तरी चुकते, लोक नाराजी व्यक्त करतात, चौकशी होते, आणि मग नियम होतो. ज्याच्या हातून प्रथम चूक घडली तो दोषी धरला जात नाही, कारण तेव्हा नियमच नव्हता. सेखिय नियमांत नकळत, अनवधानाने वा आजारपणात घडलेल्या गोष्टीचाही दोष मानला जात नाही. अशा रीतीने नियम शिकणारा नियमाचे कारणही शिकतो. कारण ठाऊक असलेला नियम माणूस एकान्तातही पाळतो. कारण ठाऊक नसलेला नियम पहारा उठताच मोडतो.

या नियमांपैकी पाचित्तिय वर्गातील दुसरा नियम आपल्या वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावा. तो अपमानकारक बोलण्याविषयी आहे. सहा भिक्षूंचा एक गट इतर भिक्षूंना टोचून बोलत असे. कशावरून टोचत, त्याच्या दहा बाबी विनयात दिल्या आहेत : जात, नाव, गोत्र, काम, कला, आजार, शरीराची ठेवण, मनाचे क्लेश, पूर्वीचा अपराध आणि शिवी. 'हीन' समजल्या जाणाऱ्या जातींची उदाहरणे देताना चांडाल, वेण, निषाद, रथकार व पुक्कुस यांचा उल्लेख आहे. म्हणजे जातीवरून हिणवणे ही गोष्ट त्या काळी समाजात रूढ होती, ती संघातही शिरली होती, आणि संघाने तिला स्पष्टपणे अपराध ठरविले. याच ठिकाणी नंदिविसाल बैलाची कथा येते. तक्षशिलेच्या या बैलाने आपल्या धन्यासाठी शंभर गाड्या ओढण्याची पैज लावावयास सांगितले. ऐन वेळी धन्याने त्याला हिणकस शब्दाने हाक मारली. बैल जागचा हलला नाही आणि धनी पैज हरला. दुसऱ्या खेपेस धन्याने सन्मानाने साद घातली आणि त्याच गाड्या त्याच बैलाने ओढल्या. जनावरालाही अपमान रुचत नाही, मग माणसाला कसा रुचेल, हा तिचा बोध. जातकात मुलांना आवडणारी ही कथा विनयात प्रौढांच्या उद्धटपणावरचे औषध म्हणून वापरली आहे.

चुल्लवग्गातील आणखी दोन प्रसंग याच सूत्रात ओवता येतील. उत्तम आसन, पहिले पाणी व पहिला घास कोणाला मिळावा, असा प्रश्न निघाला तेव्हा कोणी क्षत्रिय कुळातून आलेल्याला, तर कोणी ब्राह्मण कुळातून आलेल्याला, असे सुचविले. भगवंतांनी तित्तिर पक्षी, माकड आणि हत्ती यांची गोष्ट सांगितली. वडाच्या झाडाच्या आठवणीवरून त्यांनी आपल्यातील वडील कोण ते ठरविले. आणि सर्वांत लहान देहाचा तित्तिर हाच वडील ठरला. त्याप्रमाणे संघात मान कुळावरून न ठरता उपसंपदेच्या क्रमाने ठरावा, असा निर्णय झाला. दुसरा प्रसंग न्हावी उपालीचा. शाक्य कुमारांनी आपणांआधी त्याला प्रव्रज्या द्यावी, अशी स्वतःच विनंती केली. म्हणजे कालपर्यंत ज्याच्याकडून सेवा घेतली त्याला आपण वंदन करू आणि आपला शाक्यपणाचा ताठा उतरेल. गर्व सोडा, असे शंभर वेळा सांगण्यापेक्षा एकदा वाकावयास लावणारी ही व्यवस्था अधिक परिणामकारक होती. मात्र वाकला तो सेवेकरी नव्हे, वाकले ते राजकुमार. शीलाचे शिक्षण आणि वर्णाचाराचे शिक्षण यांतील अंतर या एका चित्रात सामावले आहे.

प्रौढांच्या शिक्षणाचा मुकुटमणी म्हणजे प्रवारणा. वर्षावासाच्या अखेरीस भिक्षू एकत्र येतात आणि प्रत्येकजण आपल्या वर्तनात संघाला जे काही दिसले, ऐकू आले वा ज्याची शंका आली, ते सांगावे अशी विनंती संघाला करतो. ही विनंती प्रथम स्थविर भिक्षू करतो. कनिष्ठांची पाळी नंतर येते. राहुलाच्या हातातील आरसा येथे सर्वांनी एकमेकांसमोर धरलेला दिसतो.

या परंपरेचे गुणगान करताना तिची उणीव झाकणे हे सम्यक् वाचेला धरून होणार नाही. तित्तिराच्या गोष्टीने जे कुळाला नाकारले, ते लिंगाला नाकारले गेले नाही. शंभर वर्षांपूर्वी उपसंपदा झालेल्या भिक्षुणीनेही त्याच दिवशी उपसंपन्न झालेल्या भिक्षूला वंदन करावे, असा पहिला गुरुधर्म चुल्लवग्गात आहे. महाप्रजापती गौतमीने वंदन ज्येष्ठतेनुसार व्हावे अशी मागणी केल्याचे आणि ती नाकारली गेल्याचेही तेथेच नोंदलेले आहे. गुरुधर्म हे बुद्धवचन नसून मागाहून आलेले असावेत, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. ते काहीही असो. मागणीची नोंद ग्रंथात टिकली, याचा अर्थ हा प्रश्न त्या काळीही बोचत होता. ज्या कसोटीने आपण वर्णाचार नाकारतो, तीच कसोटी येथेही लावली पाहिजे.

गृहस्थांचा विनय

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्ताला आचार्य बुद्धघोषांनी गृहस्थांचा विनय म्हटले आहे. मरणासन्न पित्याच्या सांगण्यावरून सिगाल नावाचा तरुण ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना नमस्कार करीत होता. भगवंतांनी त्याची थट्टा केली नाही, की पित्याचा शब्द मोडावयास सांगितले नाही. त्यांनी दिशांचा अर्थ बदलला. पूर्व म्हणजे मातापिता, दक्षिण म्हणजे आचार्य, पश्चिम म्हणजे पत्नी व मुले, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे दास व कामकरी, वरची दिशा म्हणजे श्रमण-ब्राह्मण. जुन्या आचारातून नवा अर्थ काढण्याची ही शिक्षणकला अभ्यसनीय आहे.

या सुत्ताचे मर्म त्याच्या दुहेरी रचनेत आहे. प्रत्येक नात्यात दोन्ही बाजूंची कर्तव्ये सांगितली आहेत. शिष्याने आचार्याची सेवा करावी, हे कोणत्याही ग्रंथात सापडेल. परंतु आचार्याने शिष्याला काहीही राखून न ठेवता सर्व विद्या द्यावी, त्याला ती नीट समजली आहे याची खातरी करावी, आप्तमित्रांत त्याची चांगली ओळख करून द्यावी, हेही येथे आहे. मालकाने कामकऱ्याला त्याच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात शुश्रूषा करावी, गोडधोडातला वाटा द्यावा आणि वेळेवर सुट्टी द्यावी, असे पाच धडे मालकाला दिले आहेत. दास्यप्रथा नष्ट करण्यापर्यंत हे सुत्त जात नाही, हे मान्य केले पाहिजे. तथापि सद्वर्तनाचा पाठ दुबळ्याने एकट्याने गिरवावयाचा नसून तो बलवानाच्याही पाटीवर आहे, हे त्याने निःसंदिग्धपणे सांगितले.

अशोकाचा राज्यव्यापी प्रयोग

संघाच्या आणि घराच्या मर्यादेतील हे शिक्षण संपूर्ण राज्यात नेण्याचा पहिला प्रयत्न अशोकाने केला. राजस्थानातील बैराट येथे सापडलेल्या आणि भाब्रू लेख म्हणून प्रसिद्ध असलेल्या त्याच्या शिलालेखात सात धम्मग्रंथांची नावे आहेत. भिक्षू, भिक्षुणी, उपासक आणि उपासिका या सर्वांनी ते वारंवार ऐकावेत व मनात धरावेत, अशी इच्छा त्याने व्यक्त केली आहे. त्यांतील सातवे नाव मृषावादासंबंधी राहुलाला केलेल्या उपदेशाचे आहे. सामान्यतः अभ्यासक तो अम्बलट्ठिक राहुलोवादच मानतात. लहान मुलाला दिलेला धडा सम्राटाने प्रौढांसाठी निवडला, हे या संपूर्ण विषयाचे सारच म्हणता येईल.

अशोकाने या कामी अनेक माध्यमे वापरली. दक्षिणेतील ब्रह्मगिरी येथील लघुशिलालेखात मातापित्यांची सेवा, प्राण्यांविषयी आदर, सत्य बोलणे आणि आचार्यांचा मान, असा सुटसुटीत पाठ आहे. आंध्रातील एर्रगुडीच्या लेखात तो भेरी वाजवून लोकांना सांगावा, आणि हत्तीचे स्वार, लेखक, अश्वशिक्षक व ब्राह्मण आचार्य यांनी आपापल्या शिष्यांना शिकवावा, अशी योजना दिसते. म्हणजे जेथे जेथे गुरुशिष्यसंबंध आहे, तेथे तेथे, मग ती पागा असो वा पाठशाळा, शीलाचे शिक्षण व्हावे, अशी त्याची कल्पना होती. राज्याभिषेकाला तेरा वर्षे झाल्यावर त्याने धम्ममहामात्र नेमले.

महाराष्ट्राच्या दृष्टीने सोपाऱ्याचे लेख महत्त्वाचे आहेत. आजच्या पालघर जिल्ह्यातील या प्राचीन बंदरात १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना आठव्या शिलाशासनाचा तुकडा मिळाला. नवव्या शासनाचा तुकडा १९५६ साली सापडला. या नवव्या शासनाचा विषय आहे मंगलकार्ये. आजारपण, विवाह, अपत्यजन्म, प्रवास अशा प्रसंगी लोक नाना विधी करतात. त्यांचे फळ थोडे. खरे मंगल म्हणजे दास-सेवकांशी नीट वागणे, गुरुजनांचा आदर, प्राण्यांविषयी संयम आणि श्रमण-ब्राह्मणांना दान, असे अशोक सांगतो. हे कोणी कोणाला सांगावे? पित्याने, पुत्राने, भावाने, स्वामीने, मित्राने, शेजाऱ्यानेसुद्धा. या यादीत पुत्र आहे, याकडे आम्ही लक्ष वेधू इच्छितो. मुलगाही बापाला चांगले वागणे सांगू शकतो, ही गोष्ट समुद्रकाठच्या या व्यापारी गावात दगडावर कोरून ठेवली होती.

अशोकाने आपल्या प्रयोगाचे मूल्यमापनही केले. अभिषेकानंतर सत्तावीस वर्षांनी कोरलेल्या, आज दिल्लीत असलेल्या टोपरा स्तंभावरील सातव्या लेखात तो म्हणतो की धम्माची वाढ दोन मार्गांनी झाली : नियमांनी आणि मनन करावयास लावण्याने. त्यांपैकी नियमांचा उपयोग थोडा झाला, मननाचा अधिक झाला. तिसऱ्या स्तंभलेखात, माणूस आपले चांगले तेवढे पाहतो, वाईट पाहत नाही, आणि असे आत्मपरीक्षण कठीण आहे, अशी जाणीव तो करून देतो. येथे त्याने वापरलेला शब्द राहुलोवादातील प्रत्यवेक्षणाचाच सगोत्र आहे. अर्थात अशोक राजा होता. त्याने देहदंड रद्द केला नाही. शिक्षा झालेल्यांना तीन दिवसांची सवलत दिली. तेराव्या शिलाशासनात अटवीतील लोकांना त्याने आपल्या सामर्थ्याची आठवणही करून दिली आहे. परंतु ज्याच्या हाती सर्वाधिक दंडशक्ती होती, त्यानेच नियमापेक्षा मनन श्रेष्ठ असल्याचा अनुभव नोंदवावा, याचे मोल अधिक आहे.

नियम आणि तत्त्व

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हाच विचार आधुनिक भाषेत मांडला. लाहोरच्या जातपाततोडक मंडळासाठी १९३६ साली लिहिलेल्या, परंतु प्रत्यक्ष होऊ न शकलेल्या भाषणात त्यांनी नियम आणि तत्त्व यांतील भेद विशद केला आहे. नियम सवयीने पाळला जातो आणि तो काय करावे एवढेच सांगतो. तत्त्व बुद्धीला निवाड्याची पद्धत देते आणि म्हणून माणसाला जबाबदार बनविते. केवळ आज्ञांचा समुच्चय असलेल्या धर्माला त्यांनी याच कारणासाठी विरोध केला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी धम्मदीक्षा घेतली आणि आपल्या अनुयायांना बावीस प्रतिज्ञांसह ती दिली. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या पाचव्या खंडात त्यांनी गृहस्थ, मुले, विद्यार्थी, पतिपत्नी, तसेच मालक व नोकर यांच्यासाठी विनय सांगितला, तो सिगालोवादाच्याच परंपरेतला.

या संदर्भात पंचशीलाच्या भाषेचा विचार करण्याजोगा आहे. प्रत्येक शीलाच्या शेवटी येणारे 'समादियामि' हे क्रियापद प्रथमपुरुषी आहे. बोलणारा दुसऱ्याची आज्ञा घेत नसून स्वतः एक व्रत स्वीकारतो. ज्याचा स्वीकार होतो त्याला 'सिक्खापद' म्हटले आहे, म्हणजे शिकण्याची पायरी. पायरीवर माणूस अडखळतो आणि पुन्हा पाऊल टाकतो. हे ज्याला कळले, त्याला मुलाकडून शील मोडले गेल्यावर त्याच्यावर संतापण्यापेक्षा त्याच्याशी बोलणे अधिक योग्य वाटेल.

आज गावोगावच्या विहारांत लहान मुले त्रिशरण-पंचशील तोंडपाठ म्हणतात, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु पाठांतर ही सुरुवात आहे, शेवट नव्हे. पालि शब्दांचा अर्थ मुलांना सांगितला गेला नाही, तर एका भाषेतील न कळणाऱ्या मंत्रांच्या जागी दुसऱ्या भाषेतील न कळणारे मंत्र आले, एवढाच फरक राहील. शील मुलांना सांगावयाचे आणि मोठ्यांनी मात्र विहाराच्या पायरीवर चपलांबरोबर काढून ठेवावयाचे, असे झाले तर मुले आपले ऐकणार नाहीत, ती आपल्याकडे पाहून शिकतील.

यासाठी आम्ही दोन गोष्टी सुचवू इच्छितो. पहिली अशी की, विहारांतील बालवर्गात राहुलाचा धडा प्रत्यक्ष पाण्याचे भांडे आणि आरसा घेऊन शिकवावा. आणि करण्यापूर्वी, करताना व केल्यानंतर पाहण्याच्या तीन पायऱ्या मुलांच्या रोजच्या भांडणांना व खेळांना लावून दाखवाव्यात. दुसरी सूचना प्रौढांसाठी आहे. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आपल्या अनेक विहारांत वर्षावासानिमित्त ग्रंथवाचन चालते. त्याच्या समाप्तीला भोजनदान होते, भाषणे होतात. प्रवारणा मात्र भिक्षूंपुरतीच राहते. उपासक-उपासिकांनीही त्या दिवशी एकत्र बसून आपल्या सार्वजनिक वर्तनाविषयी एकमेकांना विचारावे. प्रारंभ विहार समितीच्या अध्यक्षांनी आणि ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी करावा, कारण स्थविराने प्रथम विचारावे हीच विनयाची रीत आहे. हिशेब, वाणी, व्यसन, घरातील स्त्रियांशी वागणूक, या सर्व गोष्टी त्या आरशात दिसू द्याव्यात. महिला मंडळाने आणि तरुणांनी जे सांगितले ते शांतपणे ऐकून घ्यावे. सोपाऱ्याच्या शिलालेखाने पुत्रालाही बोलण्याचा अधिकार दिलेला आहे.

शीलाचे शिक्षण वाकविण्यासाठी नसते, उभे राहण्यासाठी असते. ज्याला आपल्या कर्माकडे स्वतः पाहता येते, त्याच्यावर पहारा ठेवावा लागत नाही आणि त्याला कोणापुढे वाकण्याचेही कारण राहत नाही. अशी माणसे घडविण्याचे काम मुलांपासून सुरू होते हे खरे. परंतु त्याची जबाबदारी मोठ्यांची आहे, आणि त्याची परीक्षाही मोठ्यांनीच प्रथम द्यावयाची आहे.